आबाजींचा चौथा वाटा



आजचं वाचन : तैत्तिरीय उपनिषद, शिक्षावल्ली, अनुवाक ११

पितृपक्ष सुरू आहे. गेल्या आठवड्यात आमच्या घरी आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, पान पहिल्यांदा वाढलं. त्या दिवशी घरात जे घडलं ते लिहू की नको, यात चार दिवस गेले. मग हा अनुवाक पुन्हा वाचला आणि वाटलं, लिहायलाच हवं. रोजच्यापेक्षा आजचं चिंतन लांब आहे. मेट्रोत वाचत असाल तर दोन भागांत वाचा.

हा अनुवाक तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही असं वाटत असेल तरी माहीत आहे. शिष्याचं शिक्षण संपलंय, तो घरी निघालाय आणि गुरू त्याला शेवटचे चार शब्द सांगतोय. खरं बोल, धर्मानं वाग, अभ्यास सोडू नकोस. आईला देव मान, बापाला देव मान, गुरूला आणि पाहुण्याला देव मान. शाळेच्या भिंतीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, पितृपक्षातल्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर आपण एवढाच भाग वाचतो आणि हात जोडून थांबतो.

गुरू मात्र थांबत नाही. लगेच पुढे तो सांगतो की जी कामं निर्दोष असतील तीच कर, बाकीची नको. आणि त्याच्याही पुढे जे म्हणतो ते वाचून मी पहिल्यांदा दचकलो होतो. आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच तू उचल, उरलेलं उचलू नकोस.

म्हणजे गुरू स्वतःच कबूल करतोय की आमच्यात उरलेलंही काहीतरी आहे. आणि ते निवडून बाजूला ठेवायचं काम तो शिष्यावर सोपवतोय. देव मान म्हणून सांगितल्यावर एका श्वासात!

मग प्रश्न असा : ज्याला देव मानायचं त्याची चूक पाहायची कशी? आणि पाहिली तर त्याला देव मानणं उरतं का?

हा प्रश्न मी पुस्तकातून आणलेला नाही. तो आमच्या सातबाऱ्यावर आहे.

आबाजी २०२४ च्या उन्हाळ्यात गेले. वय ९६, तेही अंदाजे. आधार कार्डावर १ जानेवारी १९२८ अशी तारीख होती, ती आमच्या मोठ्या काकांनी सांगितलेली. आबाजींचा स्वतःचा हिशोब वेगळा होता. गांधीबाबा वर्ध्याजवळ सेगावला राहायला आले, म्हणजे १९३६ साली, तेव्हा ते बकऱ्यांमागं जायच्या वयाचे होते. त्यावरून मागं मोजायचं. सेगावचं सेवाग्राम नंतर झालं, असंही ते आवर्जून सांगायचे.

त्यांचं सगळं आयुष्य खापरीच्या शिवारात गेलं. तुमच्यापैकी जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरहून वर्धा रोडनं निघालं की विमानतळानंतर खापरी लागते. काळी माती, पऱ्हाटी, तूर, धुऱ्यावर बाभळी. ते जन्मले तेव्हा हा भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १९५० साली त्याचा मध्य प्रदेश झाला आणि नागपूर राजधानी राहिलं. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. आबाजी हसून म्हणायचे, "चार राज्यं पाह्यली बाबू, अन् बंडी एकाच वाटेनं हाकली."

त्या वाटेवर आता मिहान आहे. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मालवाहतुकीचं मोठं केंद्र, त्याला लागून विशेष आर्थिक क्षेत्र, असा सुमारे ४००० हेक्टरांचा प्रकल्प इथं उभा राहू लागला. खापरी, दहेगाव, कलकुही, तेल्हारा, शिवणगाव, चिंचभुवन अशा गावांच्या जमिनी त्यात गेल्या. आज तिथं आयटी कंपन्या आहेत, विमानं दुरुस्त करणारे हँगर आहेत, एम्स आहे. माझं ऑफिसही तिथंच आहे. खापरी मेट्रो स्टेशनवर उतरून मी रोज कामावर जातो, तो रस्ता आमच्या जुन्या विहिरीच्या आसपासच कुठेतरी जातो. नेमकी विहीर कुठे होती, ते आबाजींना एकदा गाडीत बसवून विचारलं. त्यांनी बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "उतरल्याबिगर समजत नाही." उतरून चार पावलं चालले, चपला काढल्या, डांबरावर पाय ठेवला आणि पुन्हा गाडीत येऊन बसले. काही बोलले नाहीत.

असे होते ते. जमिनीबद्दल जास्त बोलत नसत, पण चपला काढत.

रोज पहाटे गीताई वाचायचे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती, तिला कळेल अशी गीता मराठीत हवी होती, म्हणून विनोबांनी ती लिहिली आणि १९३२ साली ती छापली गेली, ही गोष्ट मी आबाजींकडून पन्नास वेळा ऐकली असेल. विनोबा म्हणजे त्यांचं दैवत. पवनार आमच्याकडून फार लांब नाही. १५ नोव्हेंबर १९८२ ला, दिवाळीच्या दिवशी, विनोबा गेले. त्यांनी आधीच अन्न आणि औषध सोडलं होतं. बातमी कळली तशी आबाजी घरातले दिवे तसेच ठेवून पवनारला निघाले होते.

यामागं एक जुनी गोष्ट होती, आणि तीच आज महत्त्वाची आहे.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि एका जमीनदारानं १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. पुढं विनोबा गावोगाव चालत गेले, तेव्हा त्यांची मागण्याची रीत मोठी साधी होती. तुला पाच मुलं असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा मला दे. तो वाटा ते गरिबासाठी मागत. दानाला ते उपकार म्हणत नसत. दान म्हणजे सारखं वाटून घेणं, हा शंकराचार्यांनी लावलेला अर्थ ते पुन्हा पुन्हा सांगत.

भूदानाचे कार्यकर्ते आमच्या गावी आले तेव्हा आबाजी पंचविशीत होते. माझ्या पणजोबांनी दोन एकर लिहून दिलं. आबाजी त्या व्यवहाराला हजर होते. "बापानं इनोबाले पोरगा मानला," असं सांगताना ९० व्या वर्षीही त्यांचा आवाज बदलायचा. परक्या माणसाला पोटचा मानून वाटा देणारं घर, अशी आमच्या घराची ओळख मी लहानपणापासून ऐकत आलो.

मग मिहान आलं. वावर गेलं. मोबदल्याचा चेक आबाजींच्या नावानं आला. त्यांनी त्यातून बुटीबोरीच्या बाजूला तीन एकर वावर घेतलं, कारण वावर नसलेला माणूस ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. उरलेल्या पैशाचे सरळ तीन वाटे केले. मुलांना सारखे, एक रुपया इकडेतिकडे नाही. गावात त्यांच्या न्यायाचं कौतुक झालं. पैशावरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेली घरं आसपास होती. आमच्या घरात आवाजही चढला नाही.

मुलं तीन होती. आणि एक मुलगी.

आत्याला लुगडं मिळालं आणि सोन्याचे मणी. ती ते लेवून, सगळ्यांना जेवू घालून, उमरेडकडे आपल्या गावी परत गेली. तिला काही कमी मिळालं, हे घरात कुणाच्या मनातही आलं नाही. निदान मला तसं वाटत होतं. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. माझ्यासाठी ती तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून देणारी आत्या होती. तिचा वाटा वगैरे असू शकतो, हे मला कसं सुचणार?

आता कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. मीही बरीच वर्षं हेच म्हणत आलो. पण जरा हिशोब मांडा. मुलीला बापाच्या मालमत्तेत वारसा देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. त्याच्याआधी हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडलं होतं. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क दिला, त्या वेळी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून सुटल्या. २००५ साली केंद्रानं तो हक्क देशभर केला आणि लग्न झालेल्या मुलींनाही दिला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ साली बाप जिवंत असण्याची अट नाही. एवढं सगळं आबाजींच्या हयातीतच झालं. ते रोज पेपर वाचायचे.

आणि कायदा बाजूला ठेवू, हा काही वकिलीचा ब्लॉग नाही. जुने ग्रंथ म्हणावेत तर याज्ञवल्क्यस्मृतीतही वाटणीच्या भागात, भावांनी लग्न न झालेल्या बहिणीसाठी आपापल्या हिश्श्यातला चौथा भाग काढावा असं सांगितलंय. तो चौथा भाग नेमका कशाचा, यावर टीकाकारांनी पानंच्या पानं लिहिली. भांडण किती द्यायचं यावर होतं. द्यायचंच नाही, असं तिथंही म्हटलेलं नाही.

म्हणून 'काळ तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही. ज्यांच्या घरानं परक्या फकिराला मुलगा मोजलं, त्यांना स्वतःची मुलगी मोजता आली नाही. मोजायला येत नव्हतं असं नाही. मोजायला येत होतं, आणि तरी राहिलं.

हे 'राहिलं' माझं नाही. आबाजींचंच आहे.

शेवटचे सात महिने ते अंथरुणावर होते. त्यात आत्या येऊन राहिली. स्वतः सत्तरीच्या जवळ आलेली बाई त्यांना उठवायची, पुसायची, दूध-पोळी कालवून भरवायची. एका रविवारी दुपारी ती बाहेर कपडे वाळत घालत होती आणि मी आबाजींच्या पायाशी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तुह्या आत्याचं राहून गेलं, बाबू."

मी विचारलं, "काय राहिलं आबाजी?"

त्यांनी हाताची चार बोटं वर केली. मग अंगठ्यानं एक बोट दाबून धरलं आणि तीन दाखवली. पुन्हा चार केली. मग हात खाली ठेवला.

मला समजलं. अगदी नीट समजलं. आणि मी काय केलं? मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, "तुम्ही आराम करा."

त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी ते गेले. रामटेकच्या अंबाळ्याला रक्षा विसर्जन झालं. तेरवीला गावजेवण झालं. भाषणं झाली. न्यायी माणूस, चार राज्यं पाहिलेला माणूस, घर एक ठेवणारा माणूस. मीही बोललो. सगळं खरंच बोललो. फक्त ती चार बोटं बोललो नाही.

महाभारतातली द्यूतसभा आठवते? द्रौपदी प्रश्न विचारते तेव्हा सभेत सगळ्यात मोठं, सगळ्यात जाणतं माणूस बसलेलं आहे. कुळातली सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं ज्यानं पाहिली असा तो पितामह म्हणतो की धर्माची गती सूक्ष्म आहे, तुझ्या प्रश्नाचा नीट निवाडा मला करता येत नाही. आपण नेहमी भीष्माकडे बोट दाखवतो. पण त्या सभेत भीष्म एकटा नव्हता. सभा भरलेली होती. प्रत्येकाला दिसत होतं, आणि प्रत्येकजण मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होता. आमच्या तेरवीच्या मांडवात मी त्या सभेतलाच एक होतो.

आता उरलेल्या तीन एकरांची गोष्ट. आबाजींच्या मागं वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर चार नावं आली, कारण तलाठी चारच वारस मोजतो, तिथं लुगडं चालत नाही. मग नेहमीचं सुरू झालं. हक्कसोड पत्र करून घेऊ. आत्याची एक सही, की तीन भावांचं एकेक एकर. कुणाच्या मनात कपट नव्हतं, हे मला आवर्जून लिहायचंय. हा आपल्याकडचा रिवाजच आहे. बहीण सही करते, भाऊ साडी देतात.

आत्या तयार होती. मी तिला फोनवर विचारलं, "तुला खरंच सही करायची आहे?" ती म्हणाली, "वावर घेऊन काय करू? सही केली तर माहेर राह्यते."

मित्रांनो, या एका वाक्यावर मी बरेच दिवस घालवले. ती जमीन सोडत नव्हती. जमीन देऊन ती माहेर विकत घेत होती. जे तिचंच आहे ते, जे तिचंच आहे ते देऊन! आणि विकणारे आम्ही.

त्याच सुमारास मी एक हिशोब केला. आबाजींनी चारऐवजी तीन वाटे केले, तेव्हा प्रत्येक भावाला चतकोराऐवजी तिसरा हिस्सा मिळाला. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यातला चौथा भाग आत्याचा होता. माझ्या बाबांनी त्यांचा वाटा ठेवीत ठेवला आणि त्यातून माझी इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी भरली. गणित सोपं आहे. चारपैकी एक वर्ष मी आत्याच्या पैशावर शिकलो. ज्या शिक्षणामुळे मला मिहानमध्ये नोकरी लागली, आबाजींच्या शिवारात एसीत बसून काम करायला मिळालं, त्याच्या चौथ्या हिश्श्याची मालकीण उमरेडकडे दुसऱ्याच्या वावरात निंदायला जात होती.

पितृऋण म्हणतो आपण. मला वाटायचं, ते पाणी आणि तीळ देऊन फिटतं. पितरांनी आपल्यासाठी जे केलं ते ऋण तर आहेच. पण पितरांच्या हातून जे राहिलं, आणि ते राहिलं म्हणून आपल्याला जास्त मिळालं, तेही ऋणच नाही का?

मग परत त्या अनुवाकाकडे आलो. देव मान, आणि निवड कर. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मला वाटत होतं. आबाजींचाच एक धंदा आठवला आणि ते कोडं थोडं सुटलं.

खळ्यावर तूर मळून झाली की वारा सुटायची वाट पाहत ते सूप घेऊन उभे राहायचे. वारा आला की हात उंच करून हळूहळू सोडायचे. दाणे पायाशी, भूस लांब. मी एकदा विचारलं होतं की भूस निघालं म्हणजे तूर खराब होती का? ते हसले. "भूस नसतं त दाणा कोण्या घरात राह्यला असता रे?" भुसाबद्दल त्यांना राग नव्हता. ते बैलांना जायचं. पण भूस तसंच ठेवून कुणी डाळ शिजवत नाही. आणि भूस आहे म्हणून कुणी रास फेकूनही देत नाही.

आपल्या पिढीला दोन्ही मोह होतात. एक मोह घरचा : आजोबांचा फोटो, हार, आणि त्यांच्याबद्दल एक शब्दही वावगा नको. दुसरा मोह मोबाईलवरचा : एक चूक सापडली की सगळा माणूस रद्द. दोन्हीकडे एकच सोय आहे, निवडायचे कष्ट वाचतात. उपनिषदातला गुरू ही सोय देत नाही. तो म्हणतो, उभा राहा, सूप धर, वाऱ्याची वाट पाहा.

भीष्मही शरपंजरी पडल्यावर कृष्णानंच युधिष्ठिराला त्यांच्याकडे धर्म विचारायला नेलं. सभेत गप्प राहिलेला माणूस म्हणून पांडवांनी त्यांना टाकलं नाही. आणि म्हणून त्यांचं गप्प राहणं महाभारतानं लपवलंही नाही. दोन्ही एकाच ग्रंथात आहे. याला मी आता श्रद्धा म्हणतो. 'श्राद्ध' हा शब्द त्याच शब्दापासून आलाय.

तर गेल्या आठवड्यात पान वाढलं. वडे, भात, कढी, अंबाडीची भाजी त्यांना आवडायची म्हणून तीही. दोघे काका आले होते. जेवण झाल्यावर हक्कसोडीची तारीख ठरवायचा विषय निघाला. माझे हात थंड पडले होते, खोटं सांगत नाही. मी म्हणालो, "मला एक सांगायचंय. आबाजी जाण्याआधी मला बोलले होते." आणि चार बोटं दाखवली.

कुणी काही बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता रागावतील. बाबा खाली पाहत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मलेही बोलले होते."

मग मधले काका म्हणाले, "मलेही."

मोठे काका उठून बाहेर गेले. त्यांनाही बोलले होते की नाही, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

म्हणजे आबाजींनी आपली चूक लपवली नव्हती. अंथरुणावर पडल्या पडल्या, मिळेल त्याला जवळ बोलावून ते ती सांगत होते. आणि आम्ही प्रत्येकानं त्यांचं पांघरूण सारखं केलं होतं. मीच एकटा जाणतो, असं प्रत्येकाला वाटत होतं. आबाजींची अब्रू जपतोय, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यांना अब्रू जपायची नव्हती. त्यांना कुणीतरी ते काम पुढं न्यायला हवं होतं.

९६ वर्षांच्या आयुष्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं आता कुणी विचारलं तर मी वावर म्हणणार नाही, वाटे म्हणणार नाही. ती चार बोटं म्हणेन. ज्या माणसाला साऱ्या गावानं न्यायी म्हटलं त्यानं शेवटी नातवासमोर म्हणावं की माझं चुकलं, याला किती बळ लागत असेल! गुरू शिष्याला म्हणतो ना, आमचं चांगलं तेवढंच उचल. आबाजींनी तेच केलं. उरलेलं काय आहे ते स्वतःच बोटानं दाखवून गेले.

पुढं काय झालं? फार मोठं काही नाही. हक्कसोड झाली नाही. सातबाऱ्यावर चार नावं आहेत आणि तशीच राहतील, असं बाबा आणि मधले काका म्हणाले आहेत. मोठ्या काकांचा फोन अजून आलेला नाही. हे लिहिताना त्याची बोच आहे. घर एक ठेवणाऱ्या माणसाच्या पानावरून घरात अंतर पडलं, आणि ते माझ्या बोलण्यानं पडलं. हेही मला नीट पाहायला हवं. मी बरोबर असेन, पण दीड वर्ष उशिरा बरोबर होतो. आबाजींच्या अंथरुणाशीच बोललो असतो, तर कदाचित तेच चौघांना समोर बसवून बोलले असते.

रविवारी मी आत्याकडे गेलो. माझ्या एका वर्षाच्या फीचे पैसे दर महिन्याला थोडे थोडे देणार आहे, हे कसं सांगावं कळत नव्हतं. देताना मान वर होत नव्हती. याच अनुवाकात पुढं देण्याबद्दल आहे : श्रद्धेनं द्यावं, आणि लाजून द्यावं, भिऊनही द्यावं. देणाऱ्यानं लाजायचं कशाला, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. आता कळलं. आपण जे देतोय ते कित्येकदा आधीच समोरच्याचं असतं.

आत्यानं सगळा हिशोब ऐकला. चौथा भाग, चार वर्षं, एक वर्ष. मग म्हणाली, "मंग माह्या पैशाच्या वर्षी पास त झाला होता न?"

खरं सांगायचं तर दुसऱ्या वर्षी माझा एक विषय राहिला होता. मी म्हणालो, तुझं वर्ष तिसरं धर.

ती हसली. मग पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ चहा करत राहिली.

आजचा प्रश्न : तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांचं कोणतं चांगलं वागणं तुम्ही उचललंय? आणि त्यांचं कोणतं राहिलेलं काम, माहीत असूनही, तुम्ही पांघरूण सारखं करून झाकून ठेवलंय?

आजचा संकल्प : या पितृपक्षात पान वाढाल तेव्हा एक फोन करा. ज्या आत्याला, बहिणीला, मावशीला, धाकट्या काकाला वाट्यात मोजलं नव्हतं, त्यांना. पैशाचं बोलायलाच हवं असं नाही. आधी नुसतं मोजा.

आणि घरातलं म्हातारं माणूस जवळ बोलावून काही सांगू लागलं, तर "आराम करा" म्हणू नका. लॅपटॉप बंद करा आणि ऐका.

उद्या याच अनुवाकातला उरलेला भाग घेऊ.

रामकृष्णहरी.